टोल्युइन हाताळायला शिकताना : तुर्भ्याच्या मसाला लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बीएस्सी करून आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी विचारते, "खोलीत टोल्युइन सांडलंय हे तुला कसं कळेल?" दहातले नऊ जण सांगतात, "वासावरून, मॅडम." तिथूनच आमचं शिकवणं सुरू होतं.

आमची लॅब तुर्भ्यात, एपीएमसीच्या मसाला मार्केटपासून जवळ आहे. सकाळी नऊला दार उघडलं की मिरची, धणे, हळद, लवंग यांनी नाक भरतं. त्या गर्दीत टोल्युइनचा गोडसर, थिनरसारखा वास ओळखू येत नाही. ओळखला तरी थोड्या वेळात नाकाला त्याची सवय होते. हवेतलं प्रमाण वाढत जातं आणि आपल्याला मात्र वाटतं की वास कमी झाला. म्हणून नाकाच्या भरवशावर राहायचं नाही. टोल्युइनचा धोका बाटलीतल्या द्रवापेक्षा त्याच्या न दिसणाऱ्या वाफेत जास्त आहे. ती वाफ कुठून निघते, कुठे जाते, कुठे साठते, हे मनात चित्रासारखं उभं राहिलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

हे रसायन आहे तरी काय

कॉलेजात अॅरोमॅटिक संयुगं शिकताना अनेकांचा समज होतो की अॅरोमॅटिक म्हणजे सुवासिक. जुन्या काळी तसंच होतं. टोल्युइनचं नावच 'टोलू बाल्सम' या दक्षिण अमेरिकेतल्या सुगंधी डिंकावरून आलं, आणि कोलंबियात टोलू नावाचं गाव आजही आहे. १८३७ साली पेल्तिए आणि वॉल्टर या दोघांनी पाइनच्या राळेपासून मिळालेल्या तेलातून हा पदार्थ वेगळा केला. पुढे काही वर्षांतच दविल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला तो टोलू बाल्सममध्ये सापडला. आज अॅरोमॅटिक या शब्दाचा अर्थ वासाशी नव्हे, तर कार्बनच्या त्या सहा कोनी स्थिर कड्याशी जोडलेला आहे. टोल्युइन म्हणजे बेंझीनचं कडं आणि त्याला लागलेला एक मिथाइल गट. रेणूत सात कार्बन, आठ हायड्रोजन. रेणुभार ९२.१४.

हा एक मिथाइल गट तुमच्या-माझ्या जिवासाठी मोलाचा आहे. जुन्या प्रयोगशाळांत सर्रास बेंझीन वापरायचे. बेंझीन माणसात रक्ताचा कर्करोग घडवतं, हे आता पक्कं ठाऊक आहे. ते शरीरात गेलं की यकृताला थेट कड्यावरच हल्ला करावा लागतो आणि त्यातून विषारी तुकडे तयार होतात. टोल्युइनच्या बाबतीत यकृताला तो मिथाइल गट आयता सापडतो. त्याचं ऑक्सिडीकरण होऊन बेंझोइक आम्ल बनतं, ते ग्लायसीनशी जुळून हिप्प्युरिक आम्ल होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून टोल्युइन हे बेंझीनपेक्षा बरं. पण 'बरं' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. नवीन बाटली आली की सीओएवर (सोबत येणाऱ्या तपासणीच्या दाखल्यावर) बेंझीनचं प्रमाण किती लिहिलंय ते बघायची सवय आधी लावून घ्या.

भिंतीवर चिकटवून ठेवावेत असे काही आकडे आहेत. उकळबिंदू ११०.६ अंश सेल्सिअस. घनता ०.८७, म्हणजे पाण्यावर तरंगतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते, ४ अंश. हा शेवटचा आकडा नीट समजून घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पारा ४ अंशांवर कधीच येत नाही. जानेवारीच्या पहाटेसुद्धा नाही. म्हणजे आपल्याकडे टोल्युइन वर्षाचे ३६५ दिवस ठिणगीची वाट बघत असतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हवेत टोल्युइनची वाफ १.१ ते ७.१ टक्के या दरम्यान असेल तर ती पेटू शकते. २५ अंशांवर बंद बाटलीत, द्रवाच्या वरच्या रिकाम्या जागेत वाफेचं प्रमाण साधारण पावणेचार टक्के भरतं, म्हणजे बरोबर त्या पट्ट्याच्या मध्ये. अर्धी बाटली, तळाशी चमचाभर उरलेला कॅन, 'रिकामा' म्हणून कोपऱ्यात ठेवलेला ड्रम हे म्हणूनच भरलेल्या भांड्याइतके, कधी त्याहूनही धोक्याचे असतात. रिकाम्या ड्रमवर वेल्डिंग किंवा कटिंग करू देऊ नका. भंगारवाला समोर उभा राहून घाई करत असला तरी नाही.

मसाल्याच्या लॅबमध्ये टोल्युइन कशाला

रंग, थिनर, चिकटद्रव्यं, फोमसाठी लागणारं टीडीआय (टोल्युइन डायआयसोसायनेट), पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणं, असे टोल्युइनचे उद्योगातले उपयोग मोठे आहेत. लॅबमध्ये ते क्रोमॅटोग्राफीत आणि तेलाचं आम्लमूल्य काढताना द्रावक म्हणून लागतं. आमच्याकडे मात्र मुख्य काम एकच : ओलावा मोजणं.

नवीन मुलांना वाटतं, ओव्हनमध्ये ठेवून वजन घेतलं की झालं. गव्हाच्या पिठाला ते चालेल. लवंग, वेलची, जिरं ओव्हनमध्ये ठेवलं तर पाण्याबरोबर त्यातलं उडनशील तेलही उडून जातं आणि तुम्ही तेलाला पाणी समजून टक्केवारी लिहून मोकळे होता. व्यापाऱ्याचा अख्खा लॉट त्या आकड्यावर नाकारला जाऊ शकतो. टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन केलं की ही अडचण राहत नाही. टोल्युइन आणि पाणी एकत्र सुमारे ८५ अंशांवरच उकळतात, वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते, आणि खाली डीन-स्टार्कच्या मापनळीत (फ्लास्क आणि कंडेन्सर यांच्यामधल्या, खुणा केलेल्या काचेच्या नळीत) पाणी तळाशी बसतं, टोल्युइन वर राहतं. मसाल्यातलं तेल टोल्युइनमध्ये विरघळून वरच्याच थरात राहतं. तळाचं पाणी मिलिलिटरमध्ये सरळ वाचायचं. मला ही पद्धत आजही देखणी वाटते.

काम सुरू करण्याआधी

सर्वात आधी एसडीएस, म्हणजे रसायनासोबत येणारं सुरक्षा माहितीपत्रक, वाचा, आणि सही करण्यापुरती वाचू नका. त्यातल्या चार ओळी पाठ हव्यात : अतिज्वलनशील द्रव व वाफ, गिळल्यास फुफ्फुसात जाऊन जीवघेणं ठरू शकतं, गुंगी व चक्कर येऊ शकते, पोटातल्या बाळाला इजा होण्याची शंका.

चौथ्या ओळीबद्दल मी मुलींशी मोकळेपणाने बोलते. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर सुपरवायझरला लवकर सांगा आणि टोल्युइनच्या बेंचवरून बदली मागून घ्या. तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी आपल्याकडे पद्धत आहे, पण इथे तेच पहिले महिने महत्त्वाचे असतात. कारण न सांगताही बदली मागता आली पाहिजे, आणि ती देणं हे वरिष्ठांचं काम आहे.

कपडे सुती घाला. सिंथेटिक कपड्यात स्थिर वीज साठते आणि आग लागली तर ते अंगाला चिकटतात. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, पाय झाकणारे बूट. चष्मा असला तरी त्यावर गॉगल हवाच.

ग्लोव्ह्जबाबत सगळ्यात जास्त गैरसमज आहे. निळे पातळ नाइट्राइल ग्लोव्ह्ज टोल्युइनला फार थोडा वेळ अडवतात, एखाद-दोन मिनिटांतच ते आरपार येऊ लागतं. ते शिंतोड्यांपुरते आहेत. थेंब पडला की लगेच काढा, हात धुवा, नवीन घाला. लॅटेक्स तर नकोच. सांडलेलं पुसायचं किंवा भांडी विसळायची असतील तर व्हायटॉनचे (एका खास रबराचे) किंवा बहुपदरी लॅमिनेटचे ग्लोव्ह्ज मागून घ्या. पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) ग्लोव्ह्जही टोल्युइनला उत्तम टिकतात, पण ते पाण्यात विरघळतात. पावसाळ्यात ओल्या हातांनी वापरले तर काही उपयोग नाही.

पुढे फ्यूम हूड, म्हणजे वाफ ओढून बाहेर टाकणारं, समोर सरकती काच असलेलं कपाट. पंख्याचा आवाज येतोय म्हणजे हूड ओढतोय असं नाही. टिश्यूची पातळ पट्टी काचेच्या कडेला धरा, ती आत झुकली पाहिजे. काच खुणेपर्यंत खाली. हूडमध्ये जुन्या बाटल्यांचं गोदाम केलेलं असेल तर आधी ते रिकामं करा, नाहीतर हवेला वाटच मिळत नाही.

मग ठिणगीचा शोध घ्या. गॅस बर्नर, उघड्या कॉइलची शेगडी, चार्जिंगला लावलेला मोबाइल, घरगुती फ्रीज. फ्रीजच्या आत थर्मोस्टॅट चालू-बंद होताना ठिणगी पडते, म्हणून टोल्युइनची बाटली साध्या फ्रीजमध्ये कधीच ठेवायची नाही. वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, बेंचवरून ओघळते, जमिनीलगत सरकते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. आग मग त्याच वाटेने परत बाटलीकडे येते.

इथे खंडेनवमीचा विषय काढायलाच हवा. आपल्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, आणि ती व्हायलाच हवी, ज्या तराजूवर आपलं पोट चालतं त्याला हार घालावाच. पण निरांजन आणि उदबत्ती लॅबच्या आत नको. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी सगळी द्रावकं कपाटात बंद होतात. पूजा बाहेरच्या व्हरांड्यात मांडली जाते, आत फक्त झेंडूची फुलं आणि कुंकू येतं. गेली अनेक वर्षं असंच चाललंय, कुणाच्या भावना दुखावलेल्या नाहीत.

ओतणं

अडीच लिटरची काचेची बाटली मानेला धरून उचलायची नाही. एक हात तळाखाली, आणि दुसऱ्या खोलीत न्यायची असेल तर बाटलीचा कॅरियर किंवा बादली. मोठ्या ड्रममधून कॅनमध्ये काढायचं असेल तर दोन्ही धातूचे हवेत, दोन्हींना जोडणारी तार आणि ड्रमला अर्थिंग हवं. टोल्युइनमधून वीज जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे ओतताना तयार झालेला भार जागच्या जागी साठून राहतो आणि एका ठिणगीत बाहेर पडतो. धार उंचावरून सोडू नका, हळू ओता, नळी तळापर्यंत जाऊ द्या. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा हा धोका कमी असतो. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पडते आणि दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो, त्या दिवसांत अर्थिंगची तार दोनदा तपासा.

प्लॅस्टिकची पारख ठेवा. थर्माकोल आणि कडक पारदर्शक पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये बघता बघता विरघळतं. साधं रबर फुगतं. काच, स्टील आणि टेफ्लॉन चालतं.

ओलाव्याचा प्रयोग

सगळी काच कोरडी आणि स्वच्छ हवी. मापनळी तेलकट असेल तर पाण्याचे थेंब भिंतीला चिकटून बसतात आणि वाचन कमी येतं. पूर्वी यासाठी क्रोमिक आम्लाने काच धुवायचे. ते स्वतःच कर्करोगकारक आहे, आम्ही ते बंद करून लॅबचा डिटर्जंट आणि भरपूर पाणी यावर आलो.

फ्लास्कमध्ये सुमारे ४० ग्रॅम नमुना अचूक तोलून घ्या. तो पूर्ण बुडेल इतकं टोल्युइन घाला, साधारण ७५ ते १०० मिलिलिटर. द्रव उसळू नये म्हणून तीन-चार बॉइलिंग चिप्स (खडबडीत लहान तुकडे) आत्ताच टाका. विसरलात आणि द्रव तापल्यावर आठवलं, तर मँटल (फ्लास्क तापवणारी विजेची शेगडी) बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, मगच टाका. तापलेल्या द्रवात चिप टाकली की तो एकदम उसळून वर येतो. मापनळी वरून टोल्युइनने भरून घ्या.

आता पाणी सुरू करा. आधी पाणी, मग उष्णता. हा क्रम कधीही उलटायचा नाही, आणि पाणी सुरू केल्यावर बाहेर पडणारी धार डोळ्यांनी बघायची.

हे मी शिकले ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका लॅबमध्ये. दुपारी मँटल लावून मी शेजारच्या टेबलावर रिपोर्ट लिहीत बसले होते. देखभालीसाठी त्या दिवशी पाण्याचं शटडाऊन होतं, टाकीतलं पाणी संपलं आणि कंडेन्सर कोरडा पडला. हूड बिघडलेला म्हणून मांडणी उघड्या बेंचवर होती. शेजारी मिरची दळली जात होती, त्यामुळे वास काही कळला नाही. डोकं जड झालं, अक्षरं फिरल्यासारखी दिसू लागली, तेव्हा वाटलं जेवण जास्त झालं असेल. एका काकांनी येऊन मँटलचं बटण बंद केलं आणि मला दंडाला धरून जिन्यात नेऊन बसवलं. फ्लास्कमधलं निम्मं टोल्युइन हवेत गेलेलं होतं.

त्या रात्री मी घरी हिशोब मांडला, तुम्हीही मांडून बघा. बारा बाय दहा फुटांची खोली, दहा फूट उंची, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. १०० मिलिलिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर त्याची २३ लिटर वाफ होते. खोलीभर पसरली तर जवळपास ६८० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६८० भाग. आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे २० पीपीएम, आणि ५०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका मानतात. चहाच्या कपाएवढ्या द्रवाने हे होतं.

तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये दोन नियम आहेत. शटडाऊनची तारीख फळ्यावर लिहिलेली असते आणि त्या दिवशी ऊर्ध्वपातन होत नाही. एरवीही नळाचं पाणी सरळ न सोडता बर्फाच्या टबमधून छोट्या पंपाने फिरवतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं कोमट येतं की कंडेन्सर अर्ध्याच जोमाने काम करतो, त्यावरही हाच उपाय, शिवाय पाणी वाया जात नाही.

उष्णता हळूहळू वाढवा. सुरुवातीला सेकंदाला दोन थेंब, बहुतेक पाणी निघाल्यावर चारपर्यंत. घाई केली तर नमुना तळाशी करपतो, त्यातली साखर फुटून जास्तीचं पाणी तयार होतं आणि आकडा फुगतो. मिरचीच्या बाबतीत हे विशेष जपा. मापनळीतली पाण्याची पातळी थोड्या थोड्या वेळाने लिहून ठेवा, लागोपाठ दोन वाचनं सारखी आली की मँटल बंद. मांडणी थंड झाल्यावर भिंतीला चिकटलेले थेंब तांब्याच्या पातळ तारेने खाली ढकला, मग वाचा. ४०.० ग्रॅम नमुन्यातून ४.२ मिलिलिटर पाणी आलं तर ओलावा १०.५ टक्के. पावसाळ्यात नुसत्या टोल्युइनचं ब्लँक वाचन घेऊन ते वजा करा.

या सगळ्या वेळात बेंच सोडायचा नाही. डबा खायला जायचं असेल तर कुणाला तरी नाव घेऊन सांगून जा.

सांडलं, पेटलं, अंगावर गेलं

थोडं सांडलं तर आधी मँटल आणि ठिणगीची साधनं बंद करा. सांडलेल्या जागेजवळची बटणं मात्र दाबू नका, वीज लांबून तोडा. सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं खनिज) कडेने मध्याकडे टाका, ठिणगी न पाडणाऱ्या खोऱ्याने गोळा करा, झाकणाच्या डब्यात भरा. लाकडाचा भुसा नको. लिटरभर सांडलं तर स्वतः शूरपणा करू नका, बाहेर पडा आणि मदत बोलवा.

पेटलं तर पाण्याची धार मारू नका, टोल्युइन पाण्यावर तरंगत आग पसरवतं. कार्बन डायऑक्साइड, ड्राय पावडर किंवा फोम. फ्लास्कच्या तोंडाशी लहान ज्योत असेल तर उलटी ठेवलेली काचेची वाटी पुरते.

त्वचेवर पडलं तर भिजलेले कपडे काढा आणि साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. चक्कर आली तर मोकळ्या हवेत न्या. कुणी गिळलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजण्याचा घरगुती उपाय इथे जीव घेऊ शकतो, कारण उलटीबरोबर द्रव फुफ्फुसात उतरतो. सरळ दवाखाना, आणि सोबत एसडीएसची प्रत. ११२ आणि १०१ हे क्रमांक दाराशेजारी मोठ्या अक्षरात लिहा. भाजलेल्यांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीला आहे, तिथला रस्ता लॅबमधल्या किमान दोघांना माहीत असावा.

रोजच्या थोड्या थोड्या संपर्काची लक्षणं वेगळी असतात : संध्याकाळी डोकं दुखणं, विसराळूपणा, कोरडी पडून भेगाळलेली बोटं. टोल्युइन कानांवरही परिणाम करतं आणि मोठ्या आवाजाबरोबर तो वाढतो. मसाला दळायचं यंत्र त्याच खोलीत असेल तर ते हलवून घ्या. सुट्टीच्या दिवशी डोकं दुखत नसेल आणि सोमवारी पुन्हा दुखत असेल, तर गोळी घेण्याआधी हूड तपासून घ्या.

वेस्ट आणि दिवसाची अखेर

वापरलेलं टोल्युइन सिंकमध्ये जात नाही, दोन थेंबही नाहीत. पाइपमध्ये वाफ साठते आणि शेजारच्या खोलीतल्या मोरीतून वर येते. शिवाय आपल्याकडचे नाले शेवटी ठाणे खाडीला मिळतात, जिथे दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि जी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे.

वेस्टसाठी झाकणाचा धातूचा कॅन, त्यावर नाव, तारीख आणि ज्वलनशीलची खूण. क्लोरोफॉर्मसारखी हॅलोजनयुक्त द्रावकं वेगळ्या कॅनमध्ये. नायट्रिक आम्ल किंवा कोणताही ऑक्सिडायझर टोल्युइनच्या कॅनजवळही नको, झाकण उडून आग लागते. फनेल तसंच तोंडात ठेवून जाऊ नका, ते म्हणजे दिवसरात्र उघडी बाटली. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. महापे आणि तळोज्यात त्याची सामायिक केंद्रं आहेत, कचरा नोंदणीकृत वाहनातून आणि मॅनिफेस्टसहच (सोबत जाणाऱ्या नोंदपत्रासहच) गेला पाहिजे. मॅनिफेस्टची प्रत स्वतः फाइल करा.

निघताना मँटल बंद करा, फ्लास्क कोमट होईपर्यंत कंडेन्सरचं पाणी चालू ठेवा, मगच पंप थांबवा. बाटल्या ज्वलनशील द्रवांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. अॅप्रन लॅबमध्येच टांगा, पिशवीत घालून ठाण्याच्या लोकलमध्ये नेऊ नका, घरी लेकरू त्याच पिशवीत हात घालतं. हात कोपरापर्यंत धुवा आणि उद्याच्या माणसासाठी वहीत लिहा : कॅन किती भरलाय, हूडची पट्टी आत झुकली की नाही, आणि पाण्याचं शटडाऊन कुठल्या तारखेला आहे.